उरल्यासुरल्या रंगाची खोली

सासूबाईंचा फोन रोज सकाळी यायचा, आणि तोही नेमका सून बसच्या पायरीवर पाय ठेवायची तेव्हा. "कशी आहेस" हे आपलं नावाला. मग एक खोकला, आणि मग मुद्दा.

"डॉक्टर काही म्हणाले का?"

"बाळ छान आहे म्हणाले."

"ते असणारच गं. पण अजून काही बोलले का?"

"बाळ छान आहे, एवढंच बोलले, आई."

खरं सांगायचं तर डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर बघता बघता हळूच विचारलं होतं, कायद्यात बसत नाही, पण सांगू का म्हणून, आणि हिने मान फिरवून नको म्हटलं होतं. तिचं तिलाच माहीत नव्हतं. सासूबाईंना मात्र पक्की खात्री होती की सुनेला सगळं कळलंय आणि ती मुद्दाम पोटात ठेवतेय. तो समज दूर करायची तसदी हिने घेतली नाही. फुकट हाती आलेलं हत्यार कोण टाकून देतं?

आता तुम्ही म्हणाल, बाई खाष्ट दिसते. आहेच. पण उगीच नाही. तिने डूख धरला होता, आणि तो कशासाठी, ते ऐका आणि मग काय ते ठरवा.

ठकीच्या वेळची गोष्ट. ठकी म्हणजे हिची थोरली. नाव चांगलं भारदस्त ठेवलंय, पण हाक ठकीच. ती पोटात होती तेव्हा सासूबाईंनी परस्पर ठरवून टाकलं होतं की मुलगा. कुणी विचारलं नव्हतं, कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी ठरवलं म्हणजे झालं. मग खोली निळी झाली. निळे पडदे, निळी चादर, निळं अस्वल, भिंतीवर निळ्या कागदाची विमानं. आणि मधोमध पाळणा. सासऱ्यांनी जिवंतपणी स्वतःच्या हाताने केलेला, नवरा आणि नणंद दोघंही ज्यात वाढली तो. हिने तो पुसून लख्ख केला होता. पायांचे नटसुद्धा हिनेच आवळले होते, एवढं मोठं पोट घेऊन जमिनीवर फतकल मारून.

मग ठकी झाली. दवाखान्यातून सुटल्यावर ती बाळाला छातीशी धरून घरी आली, खोलीचं दार पायाने ढकललं, आणि खोली रिकामी. पडदे नाहीत, अस्वल नाही, पाळणा नाही. भिंतीवर चिकटपट्टीचे डाग आणि फरशीवर चार पायांचे ठसे, तेवढे कुणाला उचलता आले नव्हते. नणंदेला तेव्हा दिवस गेलेले होते, सगळी वरात तिच्याकडे रवाना झाली होती. सासूबाई तिथेच उभ्या होत्या. लाज ना खंत. "मुलीला काय गं, कुठेही झोपते," असं म्हणाल्या.

आणि ठकी झोपली. कपड्यांच्या वेताच्या टोपलीत, खाली दोन टॉवेल घालून, पाय बाहेर यायला लागेपर्यंत झोपली.

त्या दिवशी नवरा तिच्या शेजारीच उभा होता. त्याचाही चेहरा पडला होता. "मला माहीत असतं तर नेऊ दिला असता का मी?" तो म्हणाला. "मी तर तुझ्याजवळ दवाखान्यात होतो. आईने परस्पर गाडी बोलावली." हे वाक्य पुढे त्याने किती वेळा म्हटलं असेल, त्याला गणती नाही. विषय निघाला की म्हणायचा, आणि म्हणताना तिच्या खांद्यावर हात ठेवायचा. त्या एका वाक्यावर तिने संसार पुढे ओढला. घरात निदान एक माणूस आपल्या बाजूचं आहे, एवढं बाईला पुरतं. सासूबाईंचं नाव मात्र तिने काळजात खिळा ठोकून टांगून ठेवलं.

तर आता दुसरं. आणि या वेळी खोली तिने स्वतः करायची ठरवली. ना निळी, ना गुलाबी. मुलगा होवो, मुलगी होवो, बाळ आत येईल आणि एक काडी हलणार नाही, अशी. ठकीही त्याच खोलीत झोपणार, तिची खाट खिडकीपाशी. बेत झकास होता. अडचण एकच, हातात पैसा नव्हता. नवरा लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत, तिथला ओव्हरटाइम बंद झालेला. दुकानात जाऊन बाळाच्या खोलीचं सामान बघितलं तर घाम फुटावा अशी गत.

पण ती काम करत होती नाटक कंपनीच्या रंगशाळेत. राजवाडे, जंगलं, कोर्टाच्या खोल्या, सगळं तिच्या कुंचल्यातून निघायचं. रंगशाळेत दाराजवळ एक मोठं पिंप असायचं. डब्याच्या तळाशी जे काही उरेल ते त्या पिंपात ओतायचं, अशी तिथली रीत. हिरवं, तांबडं, सोनेरी, सगळं एकत्र. त्यातून जो रंग तयार व्हायचा त्याला नाव नव्हतं. जरासा राखाडी, जरासा मातकट, उन्हात उबदार आणि सावलीत गार. नवीन पडदा रंगवायच्या आधी त्याचाच हात मारायचे. तिने रंगशाळेच्या मुकादमाला विचारलं, दोन बादल्या नेऊ का? तो म्हणाला, "ने की बाई, पण बाळाच्या खोलीला हा चिखल?" ती म्हणाली, "याच्यातून काही निवडून काढता येत नाही ना, म्हणून."

रविवारी खिडक्या सताड उघड्या टाकून, तोंडाला फडकं बांधून तिने भिंती रंगवल्या. त्या रंगात थोडा पांढरा मिसळला तशी भिंत अंगावर शाल घेतल्यासारखी दिसायला लागली. जुन्या जंगलाच्या देखाव्यातली कापडी पानं कापून आणली आणि ठकीने ती खळीने कमरेइतक्या उंचीपर्यंत चिकटवली, कारण तिचा हात तिथवरच पोचत होता. मोडक्या शिडीची फळी झाली. फळांच्या खोक्यांचं कपाट झालं. नाटकातल्या जहाजाच्या शिडाचा पडदा झाला, आणि तो शिवताना सुया मोडल्या, पण झाला.

नवऱ्याने शिडी भिंतीला पक्की केली आणि सवयीप्रमाणे खिशातून पिवळ्या रंगाचा पेन काढून नटावरून बोल्टवर एक रेघ ओढली. लिफ्टवाल्यांची ही पद्धत. नट आवळला की रेघ मारायची, म्हणजे पुढच्या वेळी रेघ सरकलेली दिसली की समजायचं, नट सैल झाला. घरात जेवणाचं टेबल, ठकीची तीनचाकी, कुकरची मूठ, सगळ्यावर त्याच्या पिवळ्या रेघा.

"उद्या माझ्या मानेवर मार एक," ती म्हणाली.

"तुझी मान कधी सैल होते?" तो म्हणाला, आणि दोघं हसली.

खोलीत आता फक्त पाळणा नव्हता. नणंदेचा मुलगा मोठा झाला होता, पाळणा सुटा करून सासूबाईंच्या माळ्यावर चादरीत गुंडाळून पडला होता. मागितला असता तर मिळाला नसता, आधी काय होतंय ते बघू असं उत्तर आलं असतं. आणि पाळणा तिला हवा होता. तो ठकीचा होता आणि ठकी त्यात एकदाही झोपली नव्हती. तो या खोलीत आला पाहिजे, सासूबाईंनी स्वतःच्या हाताने पाठवला पाहिजे, आणि मग त्यांना कळलं पाहिजे की आपल्याला चांगलंच बनवलंय. एवढं झालं की हिच्या जिवाला थंडावा मिळणार होता.

आता रंगशाळेतलं माणूस ते. तिथे पहिल्या दिवशी शिकवतात की भिंतीला स्वतःचा रंग फार नसावा, रंग दिव्याने द्यावा. एकाच भिंतीवर सकाळ करता येते आणि तीच भिंत आगीत जळताना दाखवता येते. हिने दिवेवाल्याकडून जिलेटिनच्या रंगीत कागदाचे तुकडे मागून आणले आणि सासूबाईंना फोन केला. "आई, खोली झालीये. बघायला या. संध्याकाळच्याच या, उन्हाचं कशाला येता?"

सासूबाई आल्या त्या दम न खाता सरळ खोलीपाशीच. दिव्यावर निळा कागद होता. दार उघडलं आणि सगळी खोली आकाशासारखी निळी. भिंती निळ्या, शिडाचा पडदा निळा, पानंसुद्धा निळसर. सासूबाईंनी छातीवर हात ठेवला.

"अगं बाई. म्हणजे..."

"म्हणजे काय, आई? खोली आहे. आवडली का?"

"निळी आहे गं."

"दिसतेय खरी."

सासूबाईंचे डोळे भरून आले. सुनेच्या गालावरून त्यांनी हात फिरवला, लग्नानंतर पहिल्यांदाच. हिला वाईट वाटलं असेल असं समजू नका. तिला इतका आनंद झाला की तो लपवायला ती चहा टाकायच्या निमित्ताने आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी टेम्पो दारात हजर. पाळणा, नवीन गादी, निळं दुपटं आणि निळं अस्वलही, तेच ते. नवरा कामावर होता. हिला काही धीर धरवेना. फरशीवर बैठक मारली, ठकीला समोर बसवलं, सुटे भाग मांडले. ठकी पिशवीतून एकेक नट काढून देत होती आणि ही आवळत होती, गाणं गुणगुणत, खरोखर गुणगुणत.

पहिला नट पुरता बसला तेव्हा तिला दिसलं. नटावर पिवळ्या रेघेचा अर्धा तुकडा होता. बोल्टावर उरलेला अर्धा. नट घट्ट झाला तसे दोन्ही तुकडे एकमेकांसमोर आले आणि रेघ पूर्ण झाली.

दुसऱ्यावर तेच. तिसऱ्यावर तेच. चौथा तिने आवळलाच नाही, हातात धरून बसली.

ठकीच्या वेळी हे नट तिने स्वतः आवळले होते. तेव्हा ते कोरे होते. त्यानंतर पाळणा सुटला तो ती दवाखान्यात असताना, आणि जोडला गेला नणंदेच्या घरी. नणंदेच्या नवऱ्याला तर स्क्रू डाव्या बाजूला फिरवायचा की उजव्या, हे विचारावं लागतं.

मग तिला संत्री आठवली. दवाखान्यात, ठकी झाल्यानंतरची दुपार. नवरा आंघोळ करून येतो म्हणून गेला होता आणि बराच उशिरा आला, येताना संत्री घेऊन. खाटेवर बसून एकेक फोड सोलून तिला भरवत होता. त्याच्या अंगठ्याला पिवळा रंग लागलेला होता. तिला वाटलं, बिचारा कामावरूनही जाऊन आला वाटतं. फोडी गोड होत्या. तिने सगळ्या खाल्ल्या होत्या.

"आई, नट दे ना," ठकी म्हणाली. "पडेल."

इतकी वर्षं तिने सासूबाईंच्या नावाने दात खाल्ले. आणि ज्याने सोडला, उचलला, वाहून नेला, जोडून दिला, तो रोज तिच्या शेजारी झोपत होता आणि खांद्यावर हात ठेवून सांगत होता की मला माहीत असतं तर. सासूबाईंनी निदान तोंडावर सांगितलं होतं. याने संत्री सोलली. रडायचं नाही, असं तिने तिथल्या तिथे ठरवलं. चौथा नट तिने आवळला.

नवरा संध्याकाळी आला. पाळणा बघून हरखला. "बघ, शेवटी आला की नाही," म्हणाला. ती म्हणाली, "हो, आला." ताटात त्याला गरम वाढलं. आठवडाभर तिने अवाक्षर काढलं नाही, आणि तो बिचारा समजला की बायको खुशीत आहे.

रविवारी सासूबाई पुन्हा आल्या, या वेळी भर दुपारी, बोलावणं नसताना, पाळणा कसा दिसतोय ते बघायला. हिने दिव्यावरचा कागद केव्हाच काढून ठेवला होता. पडदा सारलेला, ऊन आत, आणि भिंती आपल्या उरल्यासुरल्या रंगाच्या. सासूबाई दारात थबकल्या.

"हे काय? निळा कुठे गेला?"

"निळा दिव्यात होता, आई." तिने फळीवरचे कागद काढून त्यांच्या हातात दिले. "हा निळा. हा गुलाबी. हवा तो लावा. भिंत कशालाच नाही म्हणत नाही."

सासूबाईंनी कागद उजेडात धरला, खाली केला, पुन्हा धरला. समजायला वेळ लागला, पण समजलं. "फसवलंस मला."

"मी एक शब्द बोलले नाही. तुम्ही बघितलंत आणि तुम्हीच ठरवलंत. तुमची पद्धतच आहे ती."

"म्हणजे होणार काय आहे?"

"मला माहीत नाही. मी विचारलंच नाही."

हा क्षण तिने किती दिवस मनात घोळवला होता. सासूबाईंचा चेहरा उतरला, ओठ आवळले गेले, सगळं अगदी ठरवल्यासारखं झालं. आणि तिला काहीच वाटलं नाही. तिचं लक्ष खिडकीपाशी उभ्या असलेल्या नवऱ्याकडे होतं.

"मग पाळणा मी घरी नेते," सासूबाई म्हणाल्या. "आधी होऊ दे. मग बघू काय ते." आणि मुलाकडे वळून म्हणाल्या, "काढ रे तो."

"आई, राहू दे ना," नवरा म्हणाला. म्हणाला आपला, पण पाय मात्र पाळण्याच्या दिशेने निघाले.

हिने त्याच्या कामाच्या पिशवीतून पाना काढून आणला आणि त्याच्यापुढे धरला. "घे. मापाचा आहे ना? तुला माहीत असेल."

तो खाली बसला. पाना नटाला लावला आणि त्याला रेघ दिसली. हात जागच्या जागी थांबला. मग त्याने वाकून दुसरा पाय बघितला, तिसरा बघितला. वर मात्र बघितलं नाही.

"माझी नाही ती रेघ," ती म्हणाली. "मला तसली सवय नाही."

"म्हणजे काय?" सासूबाई म्हणाल्या. त्यांना कसला पत्ताच नव्हता. "त्यानेच नेला होता की तेव्हा. ताईकडे जाऊन जोडूनही दिला, अगदी शहाण्यासारखा. त्यात काय एवढं?"

ठकी खाटेवरून उतरून आली आणि पाळण्याचा कठडा धरून उभी राहिली.

"बाबा, पाळणा कुठे नेताय?"

त्याने पाना खाली ठेवला.

"सांग तिला," ही म्हणाली. "मागच्या वेळी ती एवढीशी होती, तिला विचारता आलं नाही. आता विचारतेय."

"मी नाही काढत," तो हळूच म्हणाला. "राहू दे इथेच. आई, पाळणा इथेच राहील."

"काढ," ही म्हणाली. "मला नकोय आता तो. तुझ्या रेघा असलेलं काही माझ्या बाळाखाली नको. काढ, उचल, आणि तेव्हा नेलास तसाच ने. फक्त या वेळी आम्ही बघतोय."

आणि त्याने काढला. दुसरं काय करणार? एकेक नट सोडताना पाना दोनदा हातातून निसटला. ठकी प्रत्येक नट त्याच्या हातून घेऊन पिशवीत टाकत होती, तिला वाटलं खेळच आहे. मग तो कठडे खांद्यावर घेऊन जिना उतरला, पुन्हा वर आला, पुन्हा उतरला. सासूबाई गादी आणि अस्वल कवटाळून मागोमाग गेल्या. आपण जिंकलो की हरलो, हे त्यांना शेवटच्या पायरीपर्यंत उमगलं नसावं.

ते गेल्यावर हिने माळ्यावरून वेताची टोपली काढली. ठकीचीच. फडक्याने पुसली, तळाशी दुलई दुमडून घातली आणि पाळणा होता तिथे, जाड स्टुलावर बसवून दोरीने घट्ट बांधली. उरलेली कापडी पानं ठकीने टोपलीला भोवताली लावली. खळ तिच्या केसांतही गेली. खोली आता खरी पुरी झाली. कुणाला हेवा वाटावा असं त्यात काही नव्हतं, आणि कुणी मागावं असंही काही नव्हतं.

दिवेलागणीला दार वाजलं. तो बाहेर उभा होता, रिकाम्या हाताने, डोळे लाल झालेले.

"पोचवलास?"

"हो."

"जोडून दिलास?"

"आई म्हणाली, जोडून ठेव, म्हणून..." हिने त्याच्या हाताकडे बघितलं. अंगठ्याला पिवळा रंग होता. त्यानेही आपल्या अंगठ्याकडे बघितलं आणि तो पाठीमागे लपवला.

तिने दार पूर्ण उघडलं नाही आणि बंदही केलं नाही. "ठकी जागी आहे," ती म्हणाली. "तिला अजून उत्तर मिळालेलं नाही. आधी ते दे. मग तू कुठे झोपायचं ते बघू."

तो आत गेला. खोलीतला दिवा साधा होता, भिंती आपल्या रंगाच्या. ठकी खाटेवर मांडी घालून बसली होती. तो तिच्यासमोर फरशीवर बसला आणि त्याने तोंड उघडलं. पाळणा तिचा होता, म्हणाला. ती झाली तेव्हा आजी म्हणाली म्हणून त्याने तो काढून आत्याकडे नेला, आणि तिच्या आईला खोटं सांगितलं. सगळं सांगितलं.

ठकीने नीट ऐकून घेतलं. डोळ्यांवरचे केस मागे सारले.

"मुलगी होते म्हणून?"

त्याने होकाराने मान हलवली.

"आणि मग तुम्ही परत आणला नाही?"

त्याने दाराकडे बघितलं. ही दारात उभी होती, एक हात पोटावर आणि एक चौकटीवर. पूर्वी असं काही झालं की तीच मध्ये पडायची, विषय बदलायची, ठकीला जवळ घ्यायची, त्याला सोडवायची. आजही त्याचे डोळे तेच मागत होते. ती जागची हलली नाही, आणि तिने त्याला एका शब्दाचीही मदत केली नाही.